कॉपी नीट होते, तरी स्क्रिप्ट फेल का म्हणते?

प्रश्न: बॅकअपची एकच स्क्रिप्ट लिनक्ससाठी शेलमध्ये आणि विंडोजसाठी बॅच फाइलमध्ये लिहिलीय. दोन्हीकडे नियम एकच, एक्झिट कोड (प्रोग्रॅम संपताना जो आकडा देतो तो) शून्य नसेल तर फेल. विंडोजवर रोबोकॉपी सगळ्या फाइल नीट कॉपी करतं तरी रोज फेलचा मेल येतो, आणि लिनक्सवर टार (फाइल एकत्र बांधणारा प्रोग्रॅम) मधेच एरर देतं तरी मेल सक्सेसचा! चुकतंय कुठे?

उत्तर: तुमचा नियमच रोबोकॉपीला लागू होत नाही. त्याचा ० म्हणजे कॉपी करण्यासारखं काही नव्हतंच, १ म्हणजे फाइल कॉपी झाल्या, ३ म्हणजे कॉपी झाल्या आणि शिवाय डेस्टिनेशनला जास्तीच्या फाइलही सापडल्या. खरी गडबड ८ पासून पुढे. (असं का केलं देव जाणे, पण आहे ते असं आहे.) बॅचमध्ये 'इफ एररलेव्हल १' चा अर्थ '१ किंवा त्याहून जास्त' असा होतो, म्हणून कॉपी झाली की तुमचा मेल सुटतो. तिथे १ च्या जागी ८ टाका, काम झालं. फक्त हीच ओळ दुसऱ्या प्रोग्रॅमला डोळे झाकून लावू नका, कारण विंडोजवर प्रोग्रॅम क्रॅश झाला की कोड बऱ्याचदा मायनसमध्ये येतो, उदाहरणार्थ -१०७३७४१८१९, आणि तो १ पेक्षा लहान असल्यामुळे या चेकमधून सरळ निसटतो.

आता लिनक्स. तुम्ही बहुतेक टारचं आउटपुट पाइपने (एका कमांडचं आउटपुट थेट दुसरीला देणं) जीझिपला, म्हणजे फाइल दाबून लहान करणाऱ्या प्रोग्रॅमला देताय, आणि पाइपमध्ये $? ला (शेल एक्झिट कोड ज्यात ठेवतं त्या व्हेरिएबलला) मिळतो तो शेवटच्या कमांडचा कोड, म्हणजे टार रडलं तरी जीझिप खूश तर स्क्रिप्टही खूश. तुमचं शेल बॅश असेल तर स्क्रिप्टमध्ये वरती पाइपफेल ऑप्शन सेट करा, म्हणजे पाइपमधली कुठलीही कमांड फेल झाली तरी कळेल. मग मात्र टारचा १ पण पकडला जाईल, आणि लिनक्सवरचं टार वाचता वाचता एखादी लॉग फाइल बदलली तरी १ देतं, खरा घोळ असेल तर २. तेव्हा १ वर नुसती वॉर्निंग ठेवा.

आणि हो, कमांड आणि चेक यांच्यामध्ये एको (मजकूर प्रिंट करणारी कमांड) टाकायची सवय असेल तर बॅचमध्ये ती खपून जाते, शेलमध्ये नाही, तिथे एको यशस्वी झाला की $? परत ० होतो. कमांड संपली की लगेच पुढच्याच ओळीत कोड एका व्हेरिएबलमध्ये घ्या, मग काय प्रिंट करायचं ते करा.