ऑइल पेंटवर इमल्शन: रंग सालीसारखा का निघतो?

प्रश्न: खोलीच्या भिंतींना जुना चकचकीत रंग होता. त्यावर इमल्शनचे (पाण्यात मिसळायच्या रंगाचे) दोन हात दिले. महिन्याभरातच दाराजवळचा रंग नखाने ओढला तरी निघू लागला. आता जुना रंगही पूर्ण खरवडावा लागेल का?

उत्तर: नाही. नवा रंग जिथे सुटतोय तिथून मात्र तो काढायलाच हवा. त्यावर तिसरा हात दिलात तर तोही त्याच्याबरोबर सुटेल.

आधी खालचा रंग ओळखा. साल निघालेल्या जागी मेथिलेटेड स्पिरिटचा बोळा अर्धा मिनिट घासा. बोळ्याला रंग लागला, तर तो पाण्यात मिसळायचा रंग. काहीच लागलं नाही, तर बहुधा ऑइल पेंट. ऑइल पेंटचा थर गुळगुळीत असतो आणि पाणी शोषत नाही, त्यामुळे इमल्शनला धरायला जागाच मिळत नाही. दाराजवळ हाताचा तेलकटपणाही असतो, म्हणून सुरुवात तिथून होते.

सैल रंग पत्र्याने (स्क्रॅपरने) काढल्यावर भिंत डिटर्जंटच्या पाण्याने धुवा आणि साध्या पाण्याने दोनदा पुसा. धुणं घासण्याच्या आधीच हवं. नाहीतर तेलकटपणा ओरखड्यांत भरतो. वाळल्यावर १५० नंबरच्या पॉलिश पेपरने चकाकी मरेपर्यंत घासा. बॅटरी भिंतीला तिरकी धरली की राहिलेले चकचकीत डाग लगेच दिसतात. घर जुनं असेल तर खालच्या थरांत शिसं असू शकतं. तशी शंका असेल तर रंग तपासून घ्या, कोरडं घासू नका, आणि लहान मुलं व गरोदर स्त्रियांना कामापासून लांब ठेवा.

प्रायमर, म्हणजे रंगाआधीचा पकड देणारा हात, साध्या भिंतीचा नको. डब्यावर ‘जुन्या ऑइल पेंटवर चालतो’ असं स्पष्ट लिहिलेलाच घ्या. खड्डे बुजवायचे असतील तर प्रायमरनंतर ॲक्रिलिक पुट्टी वापरा. सिमेंटची पुट्टी ऑइल पेंटवर थेट लावू नका, तिचे पोपडे सुटतात. पुट्टी घासून झाली की त्या जागेवर पुन्हा प्रायमर, मग इमल्शनचे दोन हात.

३ × ३.५ मीटरच्या, ३ मीटर उंच खोलीत दारं-खिडक्या वजा जाता साधारण ३५ चौरस मीटर भिंत होते. लिटरला १० चौरस मीटर धरलं, तर प्रायमर साडेतीन लिटर आणि इमल्शन ७ लिटर लागेल.

पूर्ण खोली रंगवण्याआधी दाराजवळ हातभर जागेवर हे सगळं करून पाहा. आठवड्याने ब्लेडने फुलीचा काप द्या, चिकटपट्टी घट्ट दाबा आणि झटक्यात ओढा. रंग पट्टीबरोबर आला, तर घासणं किंवा प्रायमर कमी पडलाय.

प्रश्न: आणि खाली चुना किंवा साधा डिस्टेंपर असेल तर?

उत्तर: तळहात फिरवून पाहा. पांढरी भुकटी लागली, तर तो थर खरवडून, ओल्या स्पंजने भिंतीपर्यंत काढावाच लागतो. इमल्शन वाळताना आकसतं आणि ठिसूळ थराला ओढून घेतं. रंग जितका चांगला, तितके पोपडे मोठे. प्रायमरने थोडीशी भुकटी बांधली जाते, चुन्याचे अनेक थर नाही.