वाचक विचारतात : कुलूप तपासणाऱ्याने किल्ली का घडवावी?

प्रश्न : माझे यजमान न्हावाशेवा बंदरात कंटेनर वाहतुकीचा व्यवसाय करतात. जून २०१७ मध्ये तिथल्या एका टर्मिनलची संगणक यंत्रणा सायबर हल्ल्यामुळे ठप्प झाली, तेव्हाचा मनस्ताप आम्ही अनुभवला आहे. त्या हल्ल्यातले हत्यार अमेरिकेच्या एका सरकारी संस्थेत तयार झाले होते, असे पुढे वाचनात आले. सॉफ्टवेअरमध्ये दोष सापडला तर तो कंपनीला गुपचूप कळवून मोकळे व्हावे. त्याचा गैरवापर कसा करता येतो हे करून दाखवणाऱ्यांना संशोधक कसे म्हणायचे?
— एक वाचक, उरण

उत्तर : दोष सापडणे ही एक गोष्ट आहे आणि त्या दोषातून हमखास आत शिरणारा प्रोग्रॅम, म्हणजे एक्सप्लॉइट, लिहिणे ही दुसरी. या दोहोंमधले अंतर किती मोठे असते, हे तुम्ही म्हणता त्याच हत्याराच्या, म्हणजे ‘इटर्नलब्लू’च्या, उदाहरणावरून चांगले समजते.

विंडोजमधल्या फाइल देवाणघेवाणीच्या जुन्या पद्धतीत, एसएमबीच्या पहिल्या आवृत्तीत, हा दोष होता. समोरून आलेली एक यादी तपासून तिच्यातला निरुपयोगी भाग छाटायचा आणि यादीची नवी लांबी नोंदवायची, एवढेच काम तिथल्या कोडला करायचे होते. लांबीची मूळ नोंद ३२ बिटांची, म्हणजे ० किंवा १ लिहायच्या ३२ घरांची, होती, पण नवा आकडा लिहिताना त्यातले खालचे १६ बिटच बदलले जात. वहीतले १०० खोडून ९८ लिहायचे असताना एकक-दशकाच्या घरांत ९८ लिहावेत आणि शतकाच्या घरातला १ तसाच राहावा, म्हणजे वहीत १९८ दिसतील. तसेच इथे घडत होते. ६५,५३६ ची लांबी कमी होऊन ६५,३७३ व्हायची, ती १,३०,९०९ होऊन बसे. जागा राखली जाई छोट्या यादीपुरती आणि मजकूर ओतला जाई मोठ्या आकड्याच्या हिशेबाने. साहजिकच तो शेजारच्या मेमरीत सांडे.

एवढ्याने संगणक फक्त बंद पडतो. सांडलेला मजकूर नेमका हव्या त्या जागी पडावा म्हणून आधी अनेक जोडण्या उघडून मेमरीची मांडणी आपल्या सोयीची करून घ्यावी लागते, आणि खरे कसब तिथे आहे. ‘वॉशिंग्टन पोस्ट’ने मे २०१७ मध्ये दिलेल्या वृत्तानुसार, अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेत, म्हणजे एनएसएमध्ये, सुरुवातीच्या काळात या हत्याराने समोरचे संगणक इतक्या वेळा कोलमडत की त्याला गमतीने ‘इटर्नलब्लूस्क्रीन’ म्हटले जाई.

आता तुमचा मुख्य प्रश्न. कंपनीकडे रोज दोषांच्या कितीतरी तक्रारी येतात आणि ‘संगणक बंद पडतो’ या तक्रारीला रांगेत मागची जागा मिळते. त्याच दोषातून पासवर्डशिवाय, दुरून संगणकाचा पूर्ण ताबा घेता येतो हे सिद्ध झाले की तीच तक्रार रांगेत पुढे येते. म्हणून संशोधक किल्ली घडवतो ती पुरावा म्हणून, आणि शिस्त पाळणारा संशोधक ती आधी कंपनीच्याच हाती देतो. गूगलचा ‘प्रोजेक्ट झिरो’ हा गट दोष कळवल्यावर दुरुस्तीसाठी साधारण ९० दिवसांची मुदत देतो. ही मुदत म्हणजे दमदाटी आहे, असे काही कंपन्यांना वाटते. मला ती आवश्यक वाटते, कारण मुदत नसली की दुरुस्ती ‘पुढच्या आवृत्तीत बघू’ या सबबीखाली लोंबकळत राहते.

इटर्नलब्लूच्या बाबतीत नेमकी हीच शिस्त मोडली गेली. त्याच वृत्तानुसार एनएसएने हे हत्यार पाच वर्षांहून अधिक काळ वापरले आणि तोवर मायक्रोसॉफ्टला त्याचा पत्ता लागू दिला नाही. मायक्रोसॉफ्टने पॅच, म्हणजे दोष बुजवणारी दुरुस्ती, प्रसिद्ध केला तो १४ मार्च २०१७ रोजी. बरोबर एक महिन्याने ‘शॅडो ब्रोकर्स’ नावाच्या टोळीने चोरलेले हत्यार जगजाहीर केले. हेच हत्यार वापरून पसरणारे दोन घातक प्रोग्रॅम मग अवतरले, १२ मे रोजी ‘वॉनाक्राय’ आणि २७ जून रोजी, तुम्ही अनुभवलेल्या हल्ल्यातला, ‘नॉटपेट्या’. वॉनाक्रायपूर्वी पॅच बसवायला ५९ दिवस हाताशी होते, नॉटपेट्यापूर्वी तर १०५. तरीही ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेत सुमारे १९,००० भेटी रद्द झाल्याचा अंदाज तिथल्या लेखापरीक्षकांनी मांडला, आणि मर्स्क या जहाज कंपनीला ४५,००० संगणक नव्याने उभे करावे लागले. तुमच्या बंदरातले टर्मिनल याच समूहाच्या साखळीतले होते. नॉटपेट्या एका संगणकात शिरला की त्याच्या मेमरीतले पासवर्ड उचलून शेजारच्या, पॅच बसवलेल्या संगणकांतही जात असे. त्यामुळे नेटवर्कवर एक संगणक कच्चा राहिला तरी पुरे होते.

पॅच आल्यानंतर तांत्रिक तपशील छापावेत की नाही, यावर मात्र जाणकारांत खरा मतभेद आहे. तपशील दडवून फारसे साधत नाही, असे माझे मत आहे, कारण जुनी आणि नवी फाइल शेजारी ठेवून काय बदलले ते हल्लेखोर शोधून काढतातच. परंतु एका क्लिकवर चालणारे तयार हत्यार आठवडाभरात वाटत सुटण्यात मला संशोधन दिसत नाही.

प्रश्न : आमच्या महाविद्यालयाच्या निकालाच्या वेबपानाच्या पत्त्यातला बैठक क्रमांक बदलला की दुसऱ्याची गुणपत्रिका उघडते. हे सिद्ध करण्यासाठी सगळ्या गुणपत्रिका उतरवून घेणारा प्रोग्रॅम लिहू का?
— अभियांत्रिकीचा विद्यार्थी, सांगली

उत्तर : लिहू नका. दोष एका उदाहरणाने सिद्ध झालेला आहे. दुसरी गुणपत्रिका उघडली तर पुराव्यात भर पडत नाही, अडचणीत पडते. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३ नुसार परवानगीवाचून संगणकातली माहिती उतरवून घेणाऱ्याला नुकसानभरपाई द्यावी लागू शकते, आणि हेतू अप्रामाणिक ठरला तर कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. पाहिलेल्या गुणपत्रिकेवरचे नाव झाकून, तारीख-वेळेसह एका पानात प्राचार्यांना लेखी कळवा आणि पोच घ्या. दाद लागली नाही तर ‘सर्ट-इन’ ही केंद्र सरकारची संस्था असे अहवाल स्वीकारते. एक्सप्लॉइट लिहायला शिकायचेच असेल, तर स्वतःच्या लॅपटॉपवर व्हर्च्युअल मशीनमध्ये, म्हणजे संगणकातल्या आभासी संगणकात, पॅच नसलेले विंडोज ७ बसवा, त्याचे इंटरनेट तोडा आणि वरच्या उत्तरातला ६५,५३६ चा आकडा डीबगरमध्ये, म्हणजे प्रोग्रॅम पायरीपायरीने चालवून दाखवणाऱ्या साधनात, बदलताना स्वतःच्या डोळ्यांनी पाहा.