'एलओएल' म्हणजे हसणेच का?

एका वाचकाने असे विचारले आहे : "'आय अ‍ॅम सो टायर्ड एलओएल' अशी वाक्ये इंग्रजी संदेशांत सर्रास दिसतात. 'एलओएल' हे 'लाफिंग आउट लाउड'चे, म्हणजे मोठ्याने हसण्याचे, लघुरूप आहे; मग थकण्यात हसण्यासारखे काय आहे? हा प्रयोग चुकीचा मानावा का?"

चुकीचा मानू नये, असे माझे मत आहे. कारण या वाक्यातला 'एलओएल' हसण्याविषयी काही सांगतच नाही. १९८०च्या दशकाच्या अखेरीस संगणकावरून लेखी गप्पा मारणाऱ्या मोजक्या मंडळींत तो रुळला, तेव्हा आपल्याला हसू आले हे न दिसणाऱ्या माणसाला कळवणे एवढेच त्याचे काम होते. हळूहळू तो हसू न येताही लिहिला जाऊ लागला, आणि २०१३ मध्ये अमेरिकी भाषाशास्त्रज्ञ जॉन मॅकव्होर्टर यांनी एका व्याख्यानात तो आता आपलेपणा व समजूत दर्शवणारा निपात, म्हणजे स्वतःचा ठोस अर्थ नसलेला पण वाक्याला सूर देणारा शब्द, झाल्याचे मांडले. आपल्या उदाहरणात 'मी थकले आहे' हे विधान तक्रारीसारखे जड वाटू नये, याची काळजी तो घेतो.

मराठी वाचकाला यात नवल वाटू नये. 'मला उशीर होईल' आणि 'मला उशीर होईल हं' या दोन वाक्यांतली माहिती एकच आहे, पण ऐकणाऱ्याला ती सारखी वाटत नाहीत. 'बरं का'सारख्या शब्दांना आपल्या व्याकरणात पादपूरणार्थक केवलप्रयोगी अव्यये म्हणतात. हे नाव मला थोडे अन्यायाचे वाटते, कारण रिकामी जागा भरण्यापेक्षा बरेच नाजूक काम ती करतात.

अर्थ विरला तरी काम कसे चालू राहते, याचा एक गमतीदार दाखला ब्रिटनमध्ये मिळाला. तेथील वृत्तपत्रांच्या वर्तनाची चौकशी करणाऱ्या लेव्हसन आयोगापुढे मे २०१२ मध्ये माजी संपादक रेबेका ब्रुक्स यांनी सांगितले, की तेव्हाचे पंतप्रधान डेव्हिड कॅमेरन 'एलओएल' म्हणजे 'लॉट्स ऑफ लव्ह' असे समजून आपल्या संदेशांच्या शेवटी ते कधीकधी लिहीत असत. त्यांची समजूत चुकीची होती खरी, पण संदेशाच्या शेवटी थोडा जिव्हाळा ठेवण्याचे काम दोन्ही अर्थांनी होत होते.

बोलताना आवाजाचा चढउतार जे सांगतो ते टंकलेल्या ओळीत कशाने सांगायचे, हा यामागचा खरा प्रश्न आहे, आणि इंग्रजीत झालेले बदल मला त्याच अंगाने अधिक महत्त्वाचे वाटतात. पूर्णविरामाचेच पाहावे. संदेश पाठवला की वाक्य संपल्याचे आपोआप कळते, त्यामुळे तिथे पूर्णविरामाची गरज उरली नाही; आणि गरज नसताना तो आला, की वाचणारा त्यात रुक्षपणा शोधू लागतो. अमेरिकेतील बिंगहॅम्टन विद्यापीठाच्या २०१५ मधील अभ्यासात, निमंत्रणाला मोबाइल संदेशातून आलेले एका शब्दाचे उत्तर पूर्णविरामासह असेल तर वाचणाऱ्यांना ते कमी मनापासूनचे वाटले. हाताने लिहिलेल्या चिठ्ठीत मात्र असा फरक आढळला नाही.

लघुरूपांचा तेवढा बाऊ करण्याचे कारण नाही. 'ओएमजी' हे 'ओ माय गॉड'चे रूप ब्रिटिश नौदलाचे अ‍ॅडमिरल जॉन फिशर यांनी विन्स्टन चर्चिल यांना १९१७ मध्ये लिहिलेल्या पत्रात आढळते, आणि पहिला मोबाइल संदेश गेला तो १९९२ मध्ये.

मूळ प्रश्नापुरते सांगायचे, तर जागा पाहून अर्थ लावावा. विनोदाला उत्तर म्हणून एकटाच आलेला 'एलओएल' अजून हसण्याच्या जवळचा आहे, तर वाक्याच्या शेपटाला लागलेला बहुधा आपल्या 'हं'च्या जवळचा. मात्र मराठीत निधनाची बातमी 'हं' लावून कळवत नाहीत, तसा शोकसंदेशात 'एलओएल'ही चालत नाही.