'साभार : इंटरनेट' असं लिहून दुसऱ्यांचे फोटो माझ्या यूट्यूब व्हिडिओत वापरले तर चालतं का? मी त्यातून पैसे कमवत नाही.

नाही चालत. आभार मानणं वेगळं, परवानगी घेणं वेगळं. शिवाय इंटरनेट नावाच्या गृहस्थाने आजवर एकही फोटो काढलेला नाही, मग आभार नेमके कुणाचे?

"पैसे कमवत नाही" हे वाचून लिहायला बसलो, कारण हेच मला एका बातम्यांच्या साइटवाल्याने ऐकवलं होतं. मी कीटकांचे फोटो काढतो. कुंभारीण माशी नांगी मारून लुळी केलेली अळी मातीच्या घरट्यात कोंबते, तो क्षण मिळावा म्हणून भर उन्हात भिंतीपाशी मान अवघडेस्तोवर बसलो होतो. फोटो मनासारखा आला. विकिमीडिया कॉमन्स या खुल्या चित्रसंग्रहावर क्रिएटिव्ह कॉमन्सच्या (सीसी) बाय-एसए ४.० या खुल्या परवान्याखाली टाकला. म्हणजे कुणीही फुकट वापरा, अगदी धंद्यासाठीही वापरा. फक्त माझं नाव आणि परवान्याचा दुवा द्या, बदल केला असेल तर तसं सांगा आणि बदललेलं चित्र त्याच परवान्याखाली ठेवा. यापेक्षा आणखी काय सोपं करून द्यायचं?

तर या मंडळींनी कडेचं माझं बारीक अक्षरातलं नाव कापलं. त्या कापाकापीत अळीचं अर्धं धडही गेलं. वर स्वतःचा वॉटरमार्क ठोकला आणि खाली लिहिलं, 'छायाचित्र : सोशल मीडिया'. मेल केला तर विचारतात, तुमचाच कशावरून? कॅमेऱ्यातली मूळ, न कापलेली रॉ फाइल पाठवली, तिच्यात अळी साबूत होती. त्यावर नाव टाकायचं सोडून त्यांनी फोटोच उडवला.

माझ्या मेव्हण्याचं म्हणणं, "भाऊजी, फुकटची प्रसिद्धी घालवलीत! आणि एवढंच होतं तर नेटवर टाकलात कशाला?" अहो, प्रसिद्धी माशीची झाली, माझी कुठे? लोकांनी बघावा म्हणून टाकला, नाव खोडून मिरवावा म्हणून नाही. फोटोवर कॉपीराइटचं चिन्ह नव्हतं, हाही त्याचा मुद्दा. ते लागतच नाही. कॉपीराइटचा आंतरराष्ट्रीय बर्न करार १८८६ चा. १९०८ साली बर्लिनमध्ये तो सुधारला, तेव्हापासून त्या करारानुसार नोंदणी किंवा चिन्ह ही हक्काची अट राहिलेली नाही. फोटो काढला की हक्क आला. हे त्याला सांगितलं तर "असेल" म्हणाला.

तुमच्या व्हिडिओचं म्हणाल, तर कंटेंट आयडी या यूट्यूबच्या आपोआप जुळणी शोधणाऱ्या यंत्रणेचा क्लेम आणि स्ट्राइक यांत गल्लत करू नका. क्लेममध्ये बहुधा जाहिरातीचे पैसे मूळ मालकाकडे जातात किंवा व्हिडिओ अडवला जातो. स्ट्राइक मात्र मालकाने रीतसर तक्रार करून व्हिडिओ काढायला लावला की बसते, आणि ९० दिवसांत तीन बसल्या तर चॅनल जाऊ शकतं. तिथे 'साभार' कुणी वाचत नाही. गुगलच्या इमेज सर्चमध्ये क्रिएटिव्ह कॉमन्सचा फिल्टर आहे, तो लावा, पण तेवढ्यावर विसंबू नका. मूळ पान उघडून परवाना वाचा. सीसी झिरो, म्हणजे मालकाने हक्क सोडून दिलेला, असेल तर निर्धास्त वापरा. एनडी असेल तर बदल करून पुढे देता येत नाही, एनसी असेल तर धंद्यासाठी नाही.

सीसीच्या ४.० आवृत्तीत आणखी एक सोय आहे : अट मोडल्याचं कळल्यापासून ३० दिवसांत चूक सुधारली, तर गेलेली परवानगी आपोआप परत मिळते. म्हणजे त्या साइटवाल्यांनी नाव आणि दुवा टाकून चूक निस्तरली असती, तर फोटोही राहिला असता आणि मेव्हण्याची ती प्रसिद्धीही.

हं, टीका, परीक्षण, अभ्यास यांसाठी थोडाफार भाग वापरायला बहुतेक कायद्यांत सूट असते आणि निव्वळ माहितीवर कॉपीराइट नसतो, हे लिहायचं राहिलंच होतं. पण ती सूट कुठवर, हे प्रत्येक देशात वेगळं. प्रकरण नोटिशीपर्यंत गेलं तर वकील गाठा, मेव्हण्याला विचारू नका.