गाडीचे हेडलाइट पिवळट, धुरकट झाले आहेत. घरच्या घरी पुन्हा स्वच्छ करता येतील का?

हो, येतील. फक्त आधी धूसरपणा आतून आहे की बाहेरून ते बघा. आत वाफ किंवा पाण्याचे थेंब कायम दिसत असतील तर बहुधा सील गेलंय. बाहेरून कितीही घासलंत तरी उपयोग नाही.

बाहेरून असेल तर कारण ऊन. हल्लीच्या हेडलाइटची काच खरं तर पॉलिकार्बोनेट प्लॅस्टिकची असते. तिच्यावरचा संरक्षक थर अतिनील किरणांनी खराब होतो आणि पिवळा पडतो. तो उरलासुरला थर पूर्ण काढणं हेच मुख्य काम.

लाइट धुऊन घ्या, भोवतीच्या रंगावर मास्किंग टेप लावा. मग वॉटर पेपरने (ओला करून वापरायचा सँडपेपर) घासा: आधी ८०० किंवा १००० नंबर, नंतर २०००, शेवटी ३०००. पेपर आणि लाइट सतत ओले ठेवा. सुरुवातीला पांढरट पाणी निघेल आणि लाइट आणखीच धुरकट दिसेल, घाबरू नका. प्रत्येक नंबरला आधीचे ओरखडे पूर्ण गेल्याशिवाय पुढे जाऊ नका. घाई इथेच नडते. त्यानंतर पॉलिशिंग कंपाउंडने चकाकी येते.

टूथपेस्टनेही थोडा फरक पडतो, पण तो तात्पुरता. जुना थर तसाच राहतो.

आणि कृपा करून शेवटची पायरी टाळू नका: यूव्ही (अतिनील) संरक्षण देणारा क्लिअर कोट, म्हणजे पारदर्शक थर. बहुतेक जण पॉलिशवरच थांबतात आणि काही महिन्यांत लाइट पुन्हा पिवळे होतात. साधं वॅक्स लावलंत तर ते वरचेवर लावावं लागेल. कोट लावण्याआधी लाइट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून पूर्ण कोरडा करा, नाहीतर थर नीट धरत नाही.