सप्ताहाच्या कीर्तनांसाठी एमपीथ्री, एएसी की फ्लॅक?

प्रश्न: गावच्या हरिनाम सप्ताहाची कीर्तनं डब्ल्यूएव्हीमध्ये, म्हणजे न दाबलेल्या कच्च्या आवाजात, घेतलीत. दोन तासांची एकेक फाईल 1.38 जीबी. कशात रूपांतर करून मूळ फाईली उडवू?

लगेच उडवू नका. बाकीचं नंतर.

खानापूर तालुक्यातल्या एका सप्ताहाच्या फाईली माझ्याकडे आल्या होत्या, "जरा साफ करून द्या की" म्हणून. सगळ्या 320 केबीपीएस (सेकंदाला 320 हजार बिट, यालाच बिटरेट म्हणतात) एमपीथ्री. आकडा बघून बरं वाटलं. हेडफोन लावला तर बुवांचा आवाज ठीक, पण टाळ तापल्या तव्यावर पाणी शिंपडल्यासारखे, आणि पखवाजाच्या थापेआधी अंधुक फुसकारा. ऑडॅसिटी या आवाज-संपादनाच्या प्रोग्राममध्ये स्पेक्ट्रोग्राम उघडला, म्हणजे कोणत्या पट्टीचा आवाज किती आहे याचं चित्र. 16 किलोहर्ट्झच्या वर काळोख, सुरीनं कापल्यासारखी सरळ रेघ. खऱ्या 320 ला ती 20 च्या आसपास येते. म्हणजे आधी 128 वर उतरवलं, कार्ड मोकळं करायला डब्ल्यूएव्ही पुसल्या, आणि मग "क्वालिटी वाढवायला" त्याच फाईली 320 केल्या. वाढलं काय? 115 एमबीची फाईल 288 एमबी झाली. आवाज उलट आणखी एकदा गाळला गेला. त्यातलं साफ करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

एमपीथ्री आवाजाचे बारीक तुकडे पाडते आणि बिट वाचवताना झालेला कचरा तुकडाभर पसरतो. थाप तुकड्याच्या मधे पडली की कचरा आधी ऐकू येतो. टाळ-पखवाजात हे लगेच कळतं, नुसत्या बोलण्यात फारसं नाही.

तुमच्यासाठी: मूळ प्रत फ्लॅकमध्ये, दाबण्याची लेव्हल 5. जागा साधारण निम्मी, आवाज बिट न् बिट तोच. लेव्हल 8 ला वेळ जास्त जातो, आवाज बदलत नाही. फाईल तपासली, दुसऱ्या डिस्कवर प्रत गेली, की डब्ल्यूएव्ही पुसायला हरकत नाही.

वाटायच्या प्रती प्रत्येक वेळी फ्लॅकवरूनच काढा. देवळातला यूएसबी अ‍ॅम्प्लिफायर आणि वडापच्या जीपमधला डेक यांना एमपीथ्रीच द्या, 192 केबीपीएस, जॉइंट स्टिरिओ (डाव्या-उजव्यातलं सामाईक एकदाच साठवणारा). व्हीबीआर, म्हणजे बदलता बिटरेट, नको, जुने डेक वेळ चुकीची दाखवतात. आधी आवाजाचं टोक एक डेसिबल खाली आणा, नाहीतर एमपीथ्री वाजताना फाटते. पेनड्राइव्ह फॅट32 पद्धतीनं फॉरमॅट करा. नावं रोमन लिपीत, 01, 02 अशी, आणि फाईली त्याच क्रमानं एकेक कॉपी करा. पुष्कळ डेक नाव बघत नाहीत, कॉपीचा क्रम बघतात. मोबाईलवाल्यांना ओपस या नव्या प्रकारात 64 केबीपीएस पुरे, दोन तास 58 एमबीत. व्हॉट्सअ‍ॅपवर डॉक्युमेंट म्हणूनच पाठवा.

एएसीही एमपीथ्रीसारखीच आवाज गाळून फाईल लहान करते; कमी बिटरेटला एमपीथ्रीपेक्षा सरस आहे, पण जुना डेक ती उघडेल याची खात्री नाही.

आणि "320 केलं की भरीव लागतं" म्हणणारा एक जण तुमच्या मंडळातही असणारच, आमच्यात आहे. त्याला 128 ची फाईल आणि तिचीच 320 केलेली, नावं झाकून दहा वेळा ऐकवा. आमचा अजून बसायला तयार नाही.

रेकॉर्डिंग एकाच माईकवर असेल तर मात्र आधी मोनो करा. मग एमपीथ्रीला 96 सुद्धा चालेल.