रामनची रेघ स्वच्छ आली म्हणून हिऱ्याची खिडकी पास होत नाही

तुम्ही विचारलंय, कार्बन डायऑक्साइड लेझरला झिंक सेलेनाइडऐवजी सीव्हीडी हिऱ्याची (वायूतून थराथराने वाढवलेल्या कृत्रिम हिऱ्याची) खिडकी, म्हणजे किरण बाहेर सोडणारी पारदर्शक चकती, लावावी का, आणि रामन चाचणीत (विखुरलेल्या प्रकाशावरून पदार्थ ओळखण्याच्या चाचणीत) हिऱ्याची खूण असलेली १३३२ प्रति सेंमीची रेघ स्वच्छ दिसली म्हणजे चकती चांगली समजायची का.

आधी दुसरं, कारण यावर मी कित्येकांशी भांडलोय. नाही समजायची. रामनचा ठिपका काही मायक्रॉनचा, आणि तो बहुधा वाढीच्या बाजूवर टेकवतात. तिथे हिऱ्याचे स्फटिकदाणे मोठे, कणसीमा (दाण्यांमधल्या सांध्याच्या जागा) कमी. जिथून हिरा वाढायला लागला त्या बाजूला दाणे बारीक असतात आणि कणसीमांत हिरा न झालेला कार्बन अडकलेला असतो. लेझर मात्र पूर्ण जाडीतून जातो. तेव्हा शोषण १०.६ मायक्रॉनवरच मोजा, लेझर कॅलरीमेट्रीने (लेझर सोडून चकती किती तापते ते मोजून), मध्यावर आणि कडेजवळही. ०.१ प्रति सेंमीच्या वर आकडा आला तर चकती परत करा. ती बारीक दाण्यांची बाजू पुरेशी घासून काढलीय का, हेही विचारा.

आता खिडकीचं. शोषणात झिंक सेलेनाइडच सरस आहे, सुमारे ०.०००५ प्रति सेंमी. हिरा जिंकतो तो उष्णता वाहण्यात: २००० विरुद्ध १८ वॅट प्रति मीटर-केल्विन. म्हणून कडेला पाण्याने थंड होणारी कडी नसेल तर हिऱ्यावर पैसे घालू नका. काहीशे वॅटला झिंक सेलेनाइड पुरतं. हिऱ्याचा विचार काही किलोवॅटपासून पुढे करा. कडी जोडताना प्रसरणाचा फरक सांभाळा: हिरा तापला तरी जेमतेम फुगतो, तांबं त्याच्या कितीतरी पट. जाड तांब्यात ताठ ब्रेझिंग (वितळलेल्या मिश्रधातूने सांधणं) केलं तर थंड होतानाच तडा जातो.

परावर्तन रोखणाऱ्या लेपाशिवाय तर हिरा लावूच नका. अपवर्तनांक २.३८, म्हणजे प्रत्येक पृष्ठावर सुमारे १७ टक्के परावर्तन. दोन्ही पृष्ठं समांतर असतील तर त्यांवरून परतणाऱ्या किरणांचं व्यतिकरण होतं, आणि जाडीत मायक्रॉनभर फरक पडला तरी पारगमन जवळजवळ १०० वरून ५१ टक्क्यांपर्यंत घसरू शकतं.

एक राहिलंच: हे सगळं १०.६ मायक्रॉनपुरतं. ५ मायक्रॉनच्या आसपास चालणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड लेझरला हिरा नको. २.५ ते ६.५ मायक्रॉनमधलं शोषण हिऱ्याच्या स्फटिकातल्या अणूंच्या जाळीचंच आहे, कितीही शुद्ध चकती घेतली तरी ते राहणार.